तिला एवढं पुरे

गौरेश टॅब घेऊन आला तो रविवारी. कोरगावच्या घरी तो रविवारीच येई; बाकीचे दिवस डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहून शिरगावला खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी करी. त्याची धाकटी बहीण सेजल बाल्कांवात, घराच्या पुढच्या ओसरीवर, मशीन मांडून हरमलच्या दुकानांसाठी झगे शिवत बसली होती. किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी बायका घालतात तसले, सैल, खांद्यावर नुसती नाडी असलेले. त्या झग्यांच्याच पैशांतून टॅब यायचा होता. पैसे तिचे, गरज तिची. गौरेशला तिने एवढंच सांगितलं होतं, की आपण दोघं मिळून दुकानात जाऊ, मला बघून घ्यायचाय. ‘दोघं मिळून’ हे तिने दोन्ही तर्जन्या जुळवून, त्याच्या डोळ्यांसमोर हात नेऊन सांगितलं होतं. त्याने मानही डोलावली होती. आणि आता हा एकटाच जाऊन खोका घेऊन आला होता.

सेजल जन्मापासून बहिरी. घरात तिच्याशी नीट बोलता येई ते फक्त आईला, सुमंगलाबाईंना. मायलेकींनी मिळून सेजलच्या लहानपणी हातांची एक भाषा तयार केली होती, पुढे म्हापशाच्या शाळेत सेजल खरी खुणांची भाषा शिकली आणि तीही तिने आईला बरीचशी शिकवली. गौरेशच्या हाताला मात्र जेव, चल, थांब आणि पैसे यापलीकडच्या खुणा कधी चिकटल्या नाहीत. सेजल काय म्हणते ते आईला विचारायचं आणि सेजलला काय सांगायचं ते आईकडे सांगायचं, असा रस्ता घरात पडून गेला होता.

खोका उघडता उघडता गौरेश बोलत सुटला. आई हात पुसून येऊन बसली आणि सांगू लागली.

“हलका आहे म्हणतो. एका हातात मावतो. बॅटरी दिवसभर टिकते. काच लवकर फुटत नाही. आणि...” आईचे हात मध्येच थांबले.

काय ते सेजलने खोक्यावर आधीच वाचलं होतं. मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, दोन स्पीकर, थिएटरसारखा आवाज. गौरेशच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. तो खो खो हसला. आईही हसली. सेजल हसली नाही.

“समोरचा कॅमेरा कसा आहे ते विचार त्याला,” ती आईला हातांनी म्हणाली.

आईने विचारलं. गौरेश बराच वेळ बोलला. मान तिरकी करून, खांदे उडवून, मधूनच सेजलकडे एक नजर टाकून.

“चांगला आहे म्हणतो,” आई म्हणाली.

“एवढं लांब बोलला आणि चांगला आहे एवढंच?”

“काही नाही गो दुसरं.” आईने तळहात हवेत पुसल्यासारखा फिरवला. ‘काही नाही’ची ही खूण तिच्या हाताला फार सवयीची होती.

टॅब हवा होता तो शिकवणीसाठी. बांद्याची सोनाली, सेजलची शाळेतली मैत्रीण, तिनेच ही शिकवणी शोधून काढली होती. विनोदिनी नावाच्या, स्वतः बहिऱ्या असलेल्या बाई पुण्याहून संध्याकाळी व्हिडिओवर शिकवत. बहिऱ्या मुलांच्या आईबापांना खुणांची भाषा शिकवण्याचं ते शिक्षण होतं. पास झालं की हे काम करता येणार होतं. काम म्हणजे खरं काम, पगाराचं. पण मोबाईलवर सगळ्या विद्यार्थिनींचे चौकोन टिकलीएवढे दिसत, बाईंची बोटं वाचता येत नसत, आणि दोऱ्याच्या रिळांना टेकवलेला मोबाईल सेजलने हात उचलला की घसरून पडे.

सोमवारी संध्याकाळी तिने टॅब नीट उभा केला. ट्यूब लावली, मागच्या भिंतीवरची कपड्यांची दांडी काढली. बाईंची बोटं आता स्पष्ट दिसत होती, तेवढं खरं. त्या दिवशीचा पाठ ‘देणे’ या क्रियेचा होता. मी तुला देते तेव्हा हात इकडून तिकडे जातो, तू मला देतेस तेव्हा तिकडून इकडे येतो, आणि ती तिला देते तेव्हा आडवा. सेजलला हे लहानपणापासून येत होतं. तिची पाळी आली तशी तिने झरझर करून दाखवलं.

“पुन्हा कर,” बाई म्हणाल्या.

तिने पुन्हा केलं.

“सेजल, कोण कोणाला देतंय तेच कळत नाही. सावकाश.”

तिने सावकाश केलं. मग आणखी सावकाश, तान्ह्या मुलाला शिकवावं तसं. बाईंनी डोळे बारीक केले आणि मान हलवली. बाकीच्या चौकोनांतल्या मुली थांबून राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते सेजलने आयुष्यभर ऐकू येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. आपल्या, म्हणजे बहिऱ्या, माणसांच्या चेहऱ्यावर ते पहिल्यांदाच बघत होती.  बाई पुढच्या मुलीकडे वळल्या.

शिकवणी संपल्यावर मोबाईलवर सोनालीचा निरोप आला. “तुझे हात धुरासारखे दिसतात गो. बोटं वेगळी दिसतच नाहीत. टॅबच बेकार आहे तुझा.”

म्हणजे हात चुकत नव्हते. तासभर ती आपल्याच हातांना शिव्या देत बसली होती.

दुसऱ्या दिवशी झगे बाजूला टाकून तिने टॅबची परीक्षा घेतली. अंगणात उन्हात उभी राहून स्वतःचा व्हिडिओ काढला, तो बरा आला. बाल्कांवात काढला, बोटांच्या कडा विरल्या. खोलीत ट्यूबच्या खाली काढला, तर हात म्हणजे नुसता चुलीवरचा वाफारा. उजेड कमी झाला की तो कॅमेरा मंदावत होता आणि हलती बोटं एकमेकांत कालवत होता. मग तिने आईचा जुना, काचेला तडा गेलेला मोबाईल घेतला आणि त्याच जागी, त्याच ट्यूबखाली तेच वाक्य केलं. त्यात बोटन् बोट मोजता येत होतं.

दोन्ही व्हिडिओ तिने गौरेशला पाठवले आणि खाली लिहिलं, “फरक बघ. हा माझ्या कामाचा नाही. बदलून आण.”

दुपारी उत्तर आलं. “या किमतीत याच्याहून चांगला मिळणार नाही. मी सगळे रिव्ह्यू बघून घेतलाय. सगळे व्हॅल्यू फॉर मनी म्हणतात. तू ट्यूबच्या जवळ बस.”

“रिव्ह्यू करणाऱ्यांपैकी एकाने तरी कॅमेऱ्यासमोर हात हलवून बघितले का?”

यावर गौरेशने एक अंगठा पाठवला. पिवळा, वर केलेला. त्यानंतर काही नाही.

सेजलने मोबाईल गादीवर फेकला आणि मशीनवर बसली. रागाच्या भरात झग्याची नाडी उलटी जोडली गेली, ती उसवली, पुन्हा जोडली, तीही वाकडी. अंगठा! सगळ्या जगाला वाटतं की बहिऱ्या माणसाला अंगठा दाखवला म्हणजे बोलणं झालं. गाडीवाला अंगठा दाखवतो, बँकेतला माणूस अंगठा दाखवतो, आणि आता सख्खा भाऊ. तेही तिच्याच पैशांनी घेतलेल्या वस्तूबद्दल.

संध्याकाळी ती आईसमोर जाऊन उभी राहिली. “आपण डिचोलीला जाऊ. ज्या दुकानातून आणला तिथे. मी स्वतः बोलते.”

“अगो, बरा आहे की. नवा आहे.”

“डिचोलीला.”

पुढचे दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. शेवटी आईने गौरेशला फोन लावला, पण बोलली ती जनेलाकडे, खिडकीबाहेर तोंड करून, बराच वेळ. परत वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती.

“दुकान त्याच्या मित्राचं आहे, स्वप्नीलचं. गौरेशला सुट्टी नाही, पण तो मित्राला सांगून ठेवतो. बदलून देणार म्हणाला.”

सेजलला इतकं बरं वाटलं की तिने त्या संध्याकाळी आईच्या आवडीचे उंडे, गोल पाव, आणले, गरम, पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या पहिल्या फेरीतले, आणि दोघींनी चहाबरोबर खाल्ले. भाऊ वाईट नाही, तिच्या मनात आलं. विचारत नाही एवढंच.

शनिवारी म्हापशाला बस बदलून दोघी डिचोलीला गेल्या. दुकान बाजारात होतं. काउंटरच्या काचेखाली मोबाईल आणि वर स्टँडवर टॅब मांडलेले. स्वप्नीलने आईला खुर्ची दिली. त्याची दाढीमिशी एवढी दाट होती की ओठ वाचायची सोयच नव्हती. सेजलने टॅब काढून दोन्ही व्हिडिओ त्याच्यापुढे धरले. त्याने अर्धवट बघितले, तिच्याकडे बघून पाळण्यातल्या पोराला हसतात तसं हसला आणि आईशी बोलायला लागला.

“काय म्हणाला?” सेजलने विचारलं.

“काही नाही. बघतो म्हणाला.”

सोनालीने त्याच आठवड्यात तिला एक अ‍ॅप घ्यायला लावलं होतं. समोरचा माणूस बोलतो ते पडद्यावर मराठीत लिहून दाखवणारं. घरी तिने ते गंमत म्हणून चालू केलं, तेव्हा मासेवालीच्या बोलण्यातल्या बांगड्यांचं त्याने ‘भांगडा’ केलं होतं. पण बरंचसं बरोबर येई. टॅबवर अक्षरं मोठी दिसतात म्हणून ते तिने त्यातच घातलं होतं. आता तिने मोबाईलचं इंटरनेट टॅबला जोडलं, अ‍ॅप चालू केलं आणि टॅब काउंटरवर आपल्यासमोर ठेवला. लपवाछपवी काही केली नाही. तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

स्वप्नीलची दाढी हलू लागली आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

“मावशी गौरेशने सांगितलंय मला काळजी करू नका तोच पीठ आमच्याकडे निळ्या रंगात आहे तो देतो”

पीठ म्हणजे पीस, हे तिला क्षणभराने कळलं. तिने वर बघितलं. आता आईचे ओठ हलत होते. ते ओठ तिला पडद्याशिवायही वाचता येत, तरी तिने पडद्यावरच वाचलं.

“पण तिला कळणार नाही ना रे ती फार बारीक बघते”

पुन्हा दाढी.

“काय कळतंय मावशी तिला सांगा याचा कॅमेरा मोठा आहे तिला काय ऐकायचं नाही बोलायचं नाही टाइमपास तर करायचा तिला एवढं पुरे”

आणि मग आई.

“दे बाबा रंग बदलून तिचं समाधान झालं म्हणजे झालं चार दिवस घरात तोंड फुगवून बसलीय”

अक्षरं थांबली. स्वप्नीलने खालून एक खोका काढला. आईने सेजलच्या दंडाला हात लावून तिला आपल्याकडे वळवलं आणि गोड चेहऱ्याने हातांनी सांगायला सुरुवात केली.

“हा बघ निळा. तो म्हणतो याचा कॅमेरा मोठा आहे. महाग असतो, पण गौरेशचा मित्र म्हणून त्याच पैशांत देतोय.”

सेजल तिच्या हातांकडे बघत राहिली. कॅमेरा, मोठा, महाग. सगळ्या खुणा स्वच्छ आणि बरोबर होत्या. एकही अडखळ नव्हती. किती सरावाने खोटं बोलते ही, असं तिच्या मनात आलं.

तिने टॅब फिरवून आईसमोर धरला.

आई मराठी वाचे, पण ओठ हलवत, शब्द शब्द. ‘तिला एवढं पुरे’ला तिचे ओठ मंदावले, आणि खाली स्वतःचंच वाक्य दिसल्यावर ते हलायचेच थांबले.

“आईऽ!”

सेजल ओरडली. तोंडाने, आवाजाने. शाळेत तिला थोडे शब्द बोलायला शिकवले होते, पण घरात ताकीद होती की बाहेर आवाज काढायचा नाही. तो चिरका निघतो, लोक वळून बघतात. वळून बघितलंच. कव्हर घ्यायला आलेली दोन माणसं वळली, रस्त्यावरची एक बाई पिशवीसकट थांबली. स्वप्नीलने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. चूप.

ते बोट बघून सेजलने काउंटरवर असा हात आपटला की स्टँडवरचे टॅब डुगडुगले. मग दोन्ही खोके ओढून शेजारी ठेवले आणि मागचा मॉडेल नंबर बोटाने दाखवला. इथे आणि इथे. अक्षरन् अक्षर तेच. टॅबवर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, “हा तोच आहे. फक्त निळा.”

स्वप्नील आईकडे तोंड करून काहीतरी बोलू लागला. सेजल दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. “माझ्याशी बोला,” तिने लिहिलं. “टॅब मला लिहून दाखवतोय. मघापासून.”

आता त्याने पडद्यावर काय काय आहे ते वाचलं. दाढीच्या वर जेवढा चेहरा दिसत होता तेवढा लाल झाला. तो वाकून टॅबजवळ बोलला आणि अक्षरं आली, “मॅडम तुमचा गैरसमज होतोय”

“तुमचेच शब्द आहेत. वर सरकवून पुन्हा वाचा.”

“उघडलेला पीस परत घेता येत नाही मॅडम नियम आहे”

“आत्ता तर बदलून देत होता. तेव्हा नियम कुठे गेला होता?”

त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक जण मान लांब करून वाचत होता. तो हसला. स्वप्नीलला ते झोंबलं असावं. त्याने हात पसरून विचारलं, मग काय करू?

काय करायचं ते सेजलला पक्कं माहीत होतं. तिने लिहिलं, “या किमतीच्या आसपासचे सगळे छोटे टॅब काढा. एकेकाचा समोरचा कॅमेरा चालू करा. आणि दुकानाचे पुढचे दिवे बंद करा. मी संध्याकाळी घरात वापरते, शोरूममध्ये नाही.”

त्याने कुरकुर केली, पण दिवे बंद केले. सेजलने मोबाईलचं इंटरनेट जोडून एकेका टॅबवरून बांद्याला सोनालीला व्हिडिओ लावला आणि त्या त्या टॅबसमोर उभी राहून एकच वाक्य करत गेली. मी तुला देते, तू तिला देतेस.

“धूर,” सोनाली पहिल्याला म्हणाली. दुसऱ्याला, “हाही धूर.” तिसऱ्याला तिने नाक मुरडलं. “बोटं दिसतात, पण मागून येतात. हात थांबल्यावर दिसतात.” चौथा चकचकीत होता, पडदा सगळ्यांत सुंदर, आणि कॅमेरा सगळ्यांत वाईट. प्रत्येक नव्या टॅबबरोबर स्वप्नील त्याचे गुण सांगू बघे, एवढी मेमरी, असा प्रोसेसर, आणि सेजल हात आडवा करून त्याला गप्प करी.

शेवटी काउंटरच्या टोकाला, गिऱ्हाइकांनी हाताळायला म्हणून साखळीने बांधलेला एक टॅब राहिला होता. गेल्या वर्षीचा, जाडजूड, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. स्वप्नीलने तो काढलाच नव्हता. सेजलने तोही चालू करायला लावला.

सोनाली पुढे झुकली. “थांब. परत कर... आता उलट कर... भरभर कर.” मग तिने दोन्ही हात वर करून पंजे हलवले, टाळ्यांची खूण. “दिसलं. कोण कोणाला देतंय, सगळं दिसलं.”

त्याचं चार्जिंग मंद होतं आणि स्पीकर एकच होता, तोही खरखरतो, असं स्वप्नीलने स्वतःच कबूल केलं. एवढं असून तो त्याची किंमत गौरेशने आणलेल्या टॅबपेक्षा जास्त सांगू लागला. सेजलने साखळी दाखवली, टवका दाखवला, काचेवरचे ओरखडे मोजून दाखवले. अखेर जुना टॅब परत घेऊन वर थोडे पैसे, यावर तो आला. ते पैसे तिने आपल्या पाकिटातून काढून दिले. आई पुढे करत असलेल्या नोटा तिने बघितल्या न बघितल्यासारख्या केल्या.

निघताना स्वप्नील तिच्या मोबाईलवर वाकला; जुना टॅब परत देताना अ‍ॅप तिने त्यात घातलं होतं. “मॅडम ऑनलाइन वाईट रिव्ह्यू लिहू नका”

“विचार करते,” तिने लिहिलं आणि बाहेर पडली.

डिचोलीच्या बसस्टँडवर म्हापशाची गाडी लागायची होती. आई बाकावर बसली आणि पदराआड, कमरेशी, बारीक खुणा करत म्हणाली, “चल, झालं ना तुझ्या मनासारखं. आता राग सोड.”

सेजल तिच्यासमोर उभी राहिली आणि खांद्याच्या वर हात नेऊन, सगळ्या स्टँडला दिसेल असं विचारलं, “किती वेळा?”

“काय किती वेळा?”

“किती वेळा ‘काही नाही’ म्हणालीस?”

आईने इकडेतिकडे बघितलं. “लोक बघतात गो.”

“बघू दे. किती वेळा?”

आईचा पदर सुटला. पहिल्यांदाच तिच्या खुणा मोठ्या झाल्या. “लोक काय वाटेल ते बोलतात! ते सगळं तुला सांगत बसू? त्या मुलाकडचे बघायला आले तेव्हा काय म्हणाले ते सांगू? तुझी मालती आत्या तुझ्यासमोर बसून काय बोलली ते सांगू?”

“सांगायचं होतंस.”

“तुला लागलं असतं.”

“लागलं असतं तर मी त्यांच्यावर रागावले असते! मालती आत्याच्या घरचे सणावाराचे कपडे मी फुकट शिवते. दर वर्षी. मला कळलं असतं तर शिवले असते का? तू मला रागावूही दिलं नाहीस.”

 आईचे हात हळूहळू हलले. “मी दमते गो. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. तुम्ही दोघं बोलून मोकळे होता, सगळं माझ्यातून जातं. कधी वाटतं, एवढं एक गाळावं, तेवढाच घरात एक दिवस शांत जाईल.”

 आई दमत असेल हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पण म्हणून राग उतरला असंही झालं नाही. गाडी लागली तेव्हा ती पुढच्या सीटवर, एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसली. आई मागे. म्हापशापर्यंत आणि म्हापशापासून कोरगावपर्यंत तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. गौरेश आला तो फटफटी उभी करायच्या आधीपासून बोलत आला. सेजल मेजाशी बसून नव्या टॅबच्या कोपऱ्यावर कापडाची पट्टी चिकटवत होती. तिच्या शेजारून तो सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि आईला काहीतरी भराभर सांगू लागला. मान लाल झालेली, हात सेजलच्या दिशेने फेकत.

आई आडाळ्याच्या पात्यावर बांगडे कापत होती. तिने रक्ताने आणि खवल्यांनी भरलेले दोन्ही हात वर करून त्याला दाखवले. तिचे ओठ सेजलला इथूनही वाचता आले.

“माझे हात माशांत आहेत. काय बोलायचं ते तूच जाऊन तिच्याशी बोल.”

गौरेश घुटमळला. बाहेर जाऊन आला. शेवटी मेजाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ओढून बसला आणि मोबाईल काढून समोर बसलेल्या बहिणीला निरोप पाठवू लागला.

“माझा मित्र आहे तो. त्याच्या दुकानात तू तमाशा केलास.”

“तमाशा तुम्ही तिघांनी केलात. मी नुसता वाचला.”

“तुझेच पैसे वाचवत होतो.”

“माझे पैसे मला विचारून वाचव.”

“वाईट हेतूने केलं नव्हतं.”

“माहीत आहे. म्हणून जास्त राग येतो. वाईट हेतूने केलं असतंस तर एकदाच भांडून मोकळी झाले असते.”

तो टाइप करत असल्याचं दिसलं, मग थांबलं, पुन्हा दिसलं. सेजल वाट बघत बसली. त्याची बोटं जाड, सारखी चुकत होती. सबंध आयुष्यात तो तिच्याशी सलग एवढा वेळ बोलला नव्हता, आणि बोलला तो हा असा. निरोप आला तेव्हा एवढाच होता, “हा कसा आहे?”

“चार्ज व्हायला अर्धा दिवस लागतो. आवाज फाटका आहे म्हणे. जड आहे. माझे हात दिसतात.”

गौरेशने हात पुढे केला. तिने जरा थांबून टॅब दिला. राग असला तरी वस्तू हातात आल्यावर त्याच्याच्याने राहवेना. सेटिंग उघडून तो खाली खाली बघत गेला. मग मान वर केली आणि तोंड मोठं करून, एकेक अक्षर सुटं करत तिच्याशी बोलला. असं कोणी बोललं की तिला भयंकर चीड येई, पण शब्द मात्र कळले.

“मे-म-री क-मी आ-हे.”

तिने टॅब त्याच्या हातातून काढून घेतला आणि लिहून दाखवलं, “माहीत आहे. बघून घेतलाय.”

जेवायला तिघं बसली. आईने हात धुऊन भात आणि बांगड्यांची आमटी वाढली आणि गौरेशकडे वळून ती काहीतरी बोलली. वाक्य लांबलचक होतं, आणि नेमकी त्याच वेळी तिने मान फिरवल्यामुळे सेजलला ते वाचता आलं नाही. गौरेशने ताटातून डोळे न उचलता एका शब्दात उत्तर दिलं.

सेजलने मेजावर बोटं आपटली. “काय?”

आईचा उजवा तळहात उघडला. पुसल्याची ती खूण करायला उचललाच होता. तो तसाच थोडा वेळ राहिला, आणि मग तिने दुसराही हात ताटावरून उचलला.

“मी त्याला म्हटलं, बहिणीची माफी माग,” ती म्हणाली. “तो म्हणतो, मागणार नाही.”

गौरेशला खुणा कळल्या नाहीत, पण काय सांगितलं गेलं ते कळलं असावं. त्याने चमकून आईकडे आणि मग सेजलकडे बघितलं. सेजलही त्याच्याकडे बघत होती. दोघांचेही चेहरे रागाने तापलेले होते आणि दोघांनीही नजर काढली नाही.

“बरं,” सेजल आईला म्हणाली. “निदान कळलं.”

तिने आमटीचं भांडं आपल्याकडे ओढलं, त्यातला मोठा बांगडा स्वतःच्या ताटात घेतला आणि जेवायला लागली.